पुसलेले फोटो आणि आपण
(मावळ तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवना जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा बळी गेला. त्यांत एक महिला होती. त्या दिवशीचे पोलिसांचे वर्तन देशाने पाहिले, ते दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांमुळे. आज तो कॅमेरा तुमच्या आमच्या खिशात आहे. पण कोणी दरडावले, ‘फोटो पुसून टाक’, की आपला कार्यकर्ता गांगरतो व पुसून मोकळा होतो. पुसले म्हणजे संपले, असे तो धरून चालतो.

वस्तुतः पुसलेला फोटो बहुधा प्रथम फोनमधल्याच टोपलीत जातो. आयफोनमध्ये तो निदान तीस दिवस राहतो. गूगल फोटोजमध्ये, प्रत वर चढलेली असल्यास, साठ दिवस. तेव्हा प्रथम तेथे पाहावे. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री दोनच्या सुमारास संभाषणांची प्रत फोनमध्येच करून ठेवते. मात्र ती परत आणताना त्यानंतरचे संदेश जातात. म्हणून आधी ती प्रत दुसरीकडे उतरवून घ्यावी.

टोपलीही रिकामी झाली असेल तर? अलीकडच्या फोनमध्ये सर्व मजकूर कुलूपबंद असतो; फाइल पुसली की तिची किल्लीही जाते. ‘सगळे परत आणून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हाती फोन देण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा. शिवाय त्या फोनमध्ये आपल्या सहकाऱ्यांची नावे, बैठकांचे निरोप असतात! सुट्या मेमरी कार्डाची गोष्ट निराळी. त्यावरील फोटो पुसला तरी केवळ नोंद जाते, मजकूर तेथेच असतो; नवे चित्रण त्यावर बसले की तो नष्ट होतो. म्हणून कार्ड तत्काळ काढावे. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने २००२ पासून जगाला विनामूल्य दिलेला फोटोरेक हा प्रोग्राम अशा कार्डावरून पुष्कळ काही मिळवून देतो. मिळालेले दुसऱ्या जागी उतरवावे, त्याच कार्डावर कदापि नव्हे.

लोणावळ्याच्या पावसाविषयीही एक शब्द. भिजलेला फोन चालू करू नये, चार्जिंगला तर लावूच नये. आणि तो तांदळात पुरू नये; वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेला आपला इंद्रायणी ताटात शोभतो, फोनच्या भोकांत त्याची धूळ शिरते.

आता न्यायालयाचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, नमूद करावा लागतो. एका गटातून दुसऱ्या गटात फिरून आलेल्या फोटोचा ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. म्हणून मूळ फाइल व मूळ फोन, दोन्ही जपावे लागतात. पुढच्या बैठकीला ज्यांच्याजवळ जुनी कार्डे असतील त्यांनी ती आणावीत. आपण ती येथेच, सर्वांसमक्ष, तपासू.