भुईमुगाचा भाव आणि स्वातंत्र्य
(अभ्यासवर्गातील भाषण)



आफ्रिकेतील राष्ट्रवादाची चर्चा निघाली की घाना, केनिया ही नावे प्रथम येतात. पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज गिनीचे क्वचितच. वस्तुतः शहरातील मूठभर सुशिक्षितांचा राष्ट्रवाद खेड्यात कसा पोहोचतो, याचे इतके बोलके उदाहरण विरळा.

1951 मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. गोव्याबाबत सालाझारने पुढे केलेली सबब हीच. 1961 च्या एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली, तीत गोव्याचे प्रतिनिधीही होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नाही. गिनीच्या या ‘प्रांता’त 1950 च्या सुमारास कायद्याने ‘सुसंस्कृत’ ठरलेले आफ्रिकी शेकडा एकही नव्हते. अमिल्कार काब्राल या चिमुकल्या थरातला, लिस्बनमध्ये शिकलेला कृषितज्ज्ञ. 1953 मध्ये सरकारी शेतीगणनेच्या निमित्ताने त्याने गावोगाव पालथे घातले. सरकारला आकडे मिळाले. काब्रालला देश कळला.

1956 मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या पक्षाची भिस्त आरंभी शहरी कामगारांवर होती. 3 ऑगस्ट 1959 रोजी बिसाऊच्या पिजिगीती धक्क्यावर वेतनवाढीसाठी संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला. सुमारे पन्नास जण ठार झाले. त्यानंतर पक्षाने खेड्यांकडे मोर्चा वळवला.

पण खेड्यात जाऊन सांगायचे काय? ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा तेथे निरर्थक होती, कारण जमीन गावाचीच होती. गोऱ्या जमीनदारांचे मळे तेथे जवळजवळ नव्हतेच. लूट होत होती ती भुईमुगाच्या पडत्या भावातून, करातून आणि वेठबिगारीतून. म्हणून पक्षाचे कार्यकर्ते साम्राज्यशाहीवर प्रवचने न झोडता शेतकऱ्याला त्याच्या भुईमुगाला किती मिळाले आणि कर किती द्यावा लागला, एवढेच विचारीत. समाजाची घडणही एकजिनसी नव्हती. फुला जमातीचे अनेक सरदार पोर्तुगिजांच्या बाजूचे होते. सरदारकी न मानणारे भातशेतकरी बलांता मात्र लढ्याचा कणा बनले. इतरांच्या क्रांतीची उसनी सूत्रे घेऊन हे उमगले नसते.

1963 मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. मुक्त भागांत पाच जणांच्या निर्वाचित ग्रामसमित्या आल्या. त्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात, असा दंडक होता. लोकदुकानांत तांदळाच्या बदल्यात कापड मिळू लागले. 20 जानेवारी 1973 रोजी कोनाक्री येथे काब्रालची हत्या झाली; तरीही 24 सप्टेंबरला स्वातंत्र्य घोषित झाले. आफ्रिकेतील युद्धांनी थकलेल्या पोर्तुगीज लष्करातील अधिकाऱ्यांनीच 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनची हुकूमशाही उलथून टाकली, आणि त्याच वर्षी पोर्तुगालने गिनी-बिसाऊला मान्यता दिली. वसाहतींनी राज्यकर्त्या देशालाही मुक्त केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

पुढचा भाग सुखद नाही. सुशिक्षित मध्यमवर्गीय नेतृत्वाने वर्ग म्हणून स्वतःचा अंत करावा, अन्यथा ते क्रांतीशी द्रोह करील, असा इशारा काब्रालने 1966 मध्ये हवाना येथे दिला होता. स्वातंत्र्यानंतर पक्ष बिसाऊतील जुन्या सरकारी कचेऱ्यांत जाऊन बसला. 1980 च्या नोव्हेंबरमध्ये लष्करी उठाव झाला आणि केप व्हर्दशी असलेले ऐक्य तुटले. लोकदुकानांची सरकारी मक्तेदारी झाली. खेड्यात वस्तू मिळेनात, पिकाला भाव मिळेना. तेव्हा शेतकरी आपला माल गुपचूप सीमेपलीकडे, सेनेगलमध्ये, नेऊन विकू लागला.