आकडा, मोबाईल आणि आपलं घर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही जुगारावर बोलणार आहोत. वर्धापनदिनाला हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगितले होते. जिंकलं तर वैर वाढतं. हरलं तर शोक. धन जातं. सभेत शब्दाला किंमत राहत नाही. मित्र तुच्छ लेखतात. आणि लग्नाला मुलगी कुणी देत नाही. यातला एकही तोटा आजवर कमी झालेला नाही.

आम्ही गिरणीतली माणसं. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडचे किती तरी लोक मुंबईच्या गिरण्यांत राबले. तिथे १९६० च्या दशकात मटका फोफावला. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावीत. पुढे कल्याणजी भगत, रतन खत्री यांचा मटका आला. गावच्या मनीऑर्डरीआधी पगार आकड्याच्या चिठ्ठीत जायचा.

हिशेब साधा आहे. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला बहुधा नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून बघा. दहा गेले, नऊ आले! मग श्रीमंत कोण होणार?

आता तोच जुगार मोबाईलमध्ये शिरलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून पोरांनो, या कायद्याच्या भीतीने घरी लपवू नका. जुगार लपवाछपवीवरच वाढतो.

घरच्यांनी काय करावं? उसनवारी वाढली, दागिना गायब झाला, "गेलेले काढतो नि सोडतो" अशी भाषा आली, की ओळखा. सगळं कर्ज एका कागदावर मांडा. पगार काही महिने घरच्यांच्या हाती ठेवा. मोबाईलवरून पैसे भरायची सोय बंद करा. कर्ज फेडायला त्याच्या हातात रोकड देऊ नका, देणेकऱ्याला स्वतः जाऊन द्या. जुगारासाठी नवं कर्ज तर मुळीच काढू नका.

शिव्या आणि मारहाणीने हे सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे, म्हणजे त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली मानस सेवा २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. खेळणाऱ्याच्या बायकोने, आईनेही करावा. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराची चौकशी करावी. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच क्षणी मदत बोलवा.

आणि बंधूंनो, असं घर आपल्या वस्तीत असेल तर त्याची चेष्टा करू नका. त्या माणसाच्या बरोबर दवाखान्यापर्यंत चला. एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!