पन्नाशीनंतरचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कांदा, ऊस आणि दूध यांवर बोलणे झाले. मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या ठरावांत कधी येत नाही. पण या मांडवात नजर फिरवली की तोच विषय दिसतो. १९७२ च्या दुष्काळात आया खडी फोडायला गेल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर असलेली पोरे आज पंचावन्नच्या आसपास आली. समोर बसलेली बरीच मंडळी त्याच वयाची आहेत. त्यांनी पुढची पंधरा-वीस वर्षे काय करायचे, हा माझा विषय.

सरकारी कारकुनाला ५८ व्या वर्षी शाल आणि नारळ मिळतो, हातात काही रक्कम पडते. शेतकऱ्याला कोणी निवृत्त करत नाही. शेतकरी झिजतो. २०१९ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी मानधन योजना काढली. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये देऊ म्हणाले. अट काय? नाव नोंदवताना वय १८ ते ४० पाहिजे. म्हणजे ज्याला साठी समोर दिसत होती, नेमका तोच बाहेर राहिला!

आपल्या जिल्ह्याचा दक्षिण आणि पूर्व भाग घ्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेड. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो. पंचविशीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढता येते. पन्नाशीत कंबर साथ देत नाही. मग मुकादम उचल देताना हात आखडता घेतो. आता उसाच्या फडात तोडणीची यंत्रेही उतरू लागली आहेत. त्या माणसाला दुसरे काय येते, हे कोणी विचारत नाही. तो स्वतःही विचारत नाही. बागायतदाराचे तरी वेगळे काय आहे? विहीर आटली, पोरगा पुण्याला चाकणच्या कंपनीत लागला, गुडघे दुखतात, तरी म्हातारा दारे धरायला रात्री उठतो. कारण दुसरे काही करायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

अशा माणसाला गावात उत्तर ठरलेले असते. "आता या वयात काय नवीन शिकणार?" माझे म्हणणे असे की प्रश्नच चुकीचा आहे. पन्नाशीत नवीन काय शिकायचे, हे नंतर पाहू. तीस वर्षे जे शिकलो त्याची किंमत कधी कोणी मोजली का, हे आधी पाहू.

यासाठी दूर जायला नको. अकोले तालुक्यातले कोंभाळणे गाव घ्या. कळसूबाईच्या मुलखातले. तिथल्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या, जन्म १९६४ चा. शाळेचे तोंड पाहिले नाही. पावसाळ्यात घरची शेती आणि उरलेले वर्ष मजुरी. आपल्या हजारो बायांचे जे आयुष्य, तेच त्यांचे. त्या घरात एक काम करत होत्या, ज्याला कोणी काम म्हणत नव्हते. गावरान बी राखत होत्या. भाताचे, वालाचे, घेवड्याचे, भाज्यांचे. कोणते बी कोणत्या जमिनीत येते, कोणते कमी पाण्यावर तग धरते, कोणत्याला कीड लागत नाही, हे सगळे डोक्यात. पुढे उरळीकांचनच्या बायफ संस्थेची माणसे तिथे पोचली. वाणांच्या नोंदी झाल्या, बचत गटाच्या बाया जोडल्या गेल्या, बियाण्यांची बँक उभी राहिली. चाळीसहून जास्त गावरान वाण राखले गेले. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांची यादी काढली, तीत राहीबाईंचे नाव होते. तेव्हा त्यांचे वय चौपन्न. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर त्यांना 'बीजमाता' म्हणाले.

आता यातून काय घ्यायचे? पद्मश्री सगळ्यांना मिळणार नाही, आणि पुरस्काराच्या ताटात भाकरी वाढली जात नाही. घ्यायचे ते वेगळेच. चौपन्नाव्या वर्षी जगाने ज्या कामाचे नाव घेतले, ते काम त्या वर्षी सुरू झालेले नव्हते. कसब जुनेच होते. नवीन झाल्या त्या तीन गोष्टी. नोंद झाली, सोबत मिळाली आणि ते कसब घराच्या उंबऱ्याबाहेर आले. पन्नाशीतला नवा धंदा म्हणजे बहुतेक वेळा असा जुनाच धंदा, ज्याचा हिशेब आजवर कोणी मांडला नव्हता.

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या उत्तरेचे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फार शिकलेले नव्हते. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ सोबत होते. पण गाडगीळांची विद्या शेतकऱ्याचे पैसे गोळा करू शकली नसती. गावोगाव फिरून भाग गोळा करायला विश्वास लागतो, आणि तो विखे पाटलांनी गावच्या पतपेढीच्या कामात आधीची पंचवीस वर्षे मिळवून ठेवला होता. कारखानदारीचे पुढे काय झाले आणि उसाच्या भावासाठी आपल्याला किती भांडावे लागले, तो वेगळा विषय. मुद्दा एवढाच की पन्नाशीत त्यांनी खर्चली ती पुंजी आधीच जमलेली होती.

तेव्हा प्रत्येकाने आपली पुंजी मोजायची. मी काही नमुने सांगतो. गाय नुसती पाहून वेत कितवे आणि दूध किती, हे सांगणारा माणूस बाजारात दहा जणांना फुकट सल्ला देतो. डाळिंबाची छाटणी आणि आंब्याचे कलम हाताला बसलेला माणूस दुसऱ्याच्या बागेत मजुरीच्या भावाने राबतो. जळालेली मोटर भरता येते, पण दुकान नाही. शंभर माणसांचा स्वयंपाक अंदाजाने चुकत नाही, अशी बाई लग्नाकार्यात चहावर बोळवली जाते. ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब डोक्यात ठेवणारी बाई स्वतःला अडाणी म्हणवते. यातले एकही कसब वयाने उणे होत नाही. वयाने ताकद उणी होते, नजर वाढते. म्हणून पन्नाशीनंतर ताकदीचा धंदा सोडावा आणि नजरेचा धरावा.

पण धंदा म्हटला की हिशेब आला. तिथेच आपण फसतो. समजा, दोघी जावांनी दोन दिवस बसून कुरडया-पापड केले. गहू, डाळ, तेल, सरपण धरून १,००० रुपये लागले. माल २,००० ला विकला. घरचे म्हणतात, हजाराचा नफा. दोघींची दोन दिवसांची मजुरी कुठे गेली? रोज ३०० धरला तरी १,२०० झाले. म्हणजे खर्च २,२०० आणि तोटा २००. सरकार आपल्या शेतमालाचे जे करते, तेच आपण आपल्या घरातल्या बाईच्या कामाचे करतो. घामाचे दाम मागणाऱ्याने आधी घरातला घाम मोजला पाहिजे. भाव त्या हिशेबाने सांगा. गिऱ्हाईक घेत नसेल, तर तो धंदा आपला नाही असे समजून दुसरा पाहा.

चार गोष्टी सांभाळायच्या.

पहिली. पंचविशीत बुडालेला धंदा वर काढायला तीस वर्षे हातात असतात, पंचावन्नाव्या वर्षी नसतात. म्हणून सातबारा गहाण टाकून नव्या धंद्यात उडी घ्यायची नाही. एक हंगाम लहान प्रमाणावर करून पाहायचा. पहिल्या वर्षी दहा गिऱ्हाइके पुन्हा आली, तर दुसऱ्या वर्षी वाढवायचे.

दुसरी. अनुदान पाहून धंदा निवडायचा नाही. अनुदानावर घेतलेली किती यंत्रे गोठ्यात गोणपाटाखाली पडली आहेत, ते गावात जाऊन पाहा. आधी कसब, मग गिऱ्हाईक, मग यंत्र, आणि शेवटी अनुदान मिळाले तर घ्यायचे. शिकायला जागा आहेत. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वरला आणि दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे जाताना हात जोडून जायचे कारण नाही, प्रश्न घेऊन जायचे.

तिसरी. कायदा माहीत करून घ्यायचा. बियाण्याचेच पाहा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचासुद्धा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढी मर्यादा आहे. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. वीस जणांना विचारण्यापेक्षा एकदा कागद वाचलेला बरा.

चौथी गोष्ट जमिनीची. ज्याला शेती झेपत नाही त्याने ती खंडाने द्यावी आणि दुसरे काही करावे, हे शहाणपणाचे आहे. पण १९४८ च्या कूळ कायद्याची भीती अजून घराघरांत आहे. जमीन लिहून दिली तर कूळ लागेल, म्हणून कोणी लिहून देत नाही. तोंडी वाट्याने देतात, नाहीतर पडीक ठेवतात. शेतकऱ्याला शेती करण्याचा हक्क आहे, तसा मानाने बाहेर पडण्याचाही हक्क पाहिजे. शेती सोडणारा बापजाद्यांना बट्टा लावत नाही. हे आपण आपल्या बैठकांतून स्पष्ट बोलले पाहिजे.

आणि मायबहिणींनो, तुमच्या नावाचे काय? बी तुमचे, हात तुमचा, आणि बँकेत गेल्यावर साहेब विचारतो, "मालक कुठे आहेत?" लक्ष्मीमुक्तीसाठी या जिल्ह्यातही सभा झाल्या. १९९२ साली सरकारने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. किती घरांत लागले? ज्यांच्या घरात राहिले असेल, त्या भावांनी तलाठ्याकडे जायला मुहूर्त पाहू नये. पन्नाशीतल्या बाईला नवे काम उभे करायचे तर तिच्या नावाची जमीन, तिच्या नावाचे खाते आणि तिच्या हातातली वही, एवढे तरी असले पाहिजे.

मी कोणता धंदा करा, हे सांगायला आलो नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. शेतकऱ्याचे भले त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते, असे समजणाऱ्यांनीच त्याला बुडवले. मी एकच काम देऊन जाणार आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक वही आणावी. गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांची नावे त्यात लिहावीत, बायांची आधी. नावापुढे तीन रकाने. काय येते? आजवर त्याचे किती मिळाले? कोणाला त्याची गरज आहे? दुसऱ्या रकान्यात शून्ये जास्त निघतील, हे मी आजच सांगतो. ती शून्ये एकत्र वाचली की कोणाला कोणाशी जोडायचे, हे ठरवायला आपल्याला बाहेरचा माणूस लागणार नाही. कलम करणारा नगर तालुक्यात असेल आणि बाग श्रीगोंद्यात असेल, तर दोघांची गाठ आपणच घालून देऊ.

वह्या घेऊन या. ज्या तालुक्याची वही येणार नाही, त्या तालुक्याला पुढच्या बैठकीत मी पहिला प्रश्न विचारणार आहे.