चौथ्या क्रमांकानंतरचा नेम

(परळ-भोईवाडा येथे तरुण खेळाडू व त्यांच्या पालकांपुढे झालेले भाषण)



भोईवाडा, परळ, लालबाग या परिसराला कबड्डी समजावून सांगण्याचे धाडस कोणी करू नये. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी पाळी संपवून आलेला कामगार संध्याकाळी मातीत उतरे आणि चाळीच्या गॅलऱ्या प्रेक्षकांनी भरून जात. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले, तथापि मैदानाची ओढ ओसरली नाही. पोराचे दंड कसे भरावेत, पायात चपळाई कशी आणावी, हे येथील घराघरांना ठाऊक आहे. शेवटच्या मिनिटात एका गुणाने मागे असताना चढाईला निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. पकड झाली की ‘घाबरला’ असा एका शब्दाचा निकाल लागतो.

घाबरणे म्हणजे नेमके काय? संकट समोर दिसताच हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. ही निसर्गाची तरतूद आहे, भित्रेपणाचा पुरावा नव्हे. खरी हानी दुसऱ्याच ठिकाणी होते. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल शरीर आपोआप करीत असते. ‘आता चुकलो तर?’ हा प्रश्न शिरला की मन त्या हालचालीवर पहारा करू लागते आणि पहाऱ्याखाली पाय अडखळतात. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून पाहावा, म्हणजे हे ध्यानात येईल.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या लहानशा गावचा स्वप्नील कुसाळे हे याचे अगदी जवळचे उदाहरण. शिक्षक असलेल्या वडिलांनी २००९ मध्ये त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे त्याने नेमबाजी निवडली आणि पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत सराव चालू ठेवला. २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. त्या कामगिरीने देशाला ऑलिंपिकची एक जागा मिळाली, परंतु पदक हुकले. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण हाती आले. वैयक्तिक अंतिम फेरीतही तो आघाडीवर होता आणि उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात एक गोळी ७.६ वर गेली. दहाच्या आसपास गुण मिळविणाऱ्यांच्या पंगतीत ७.६ म्हणजे कोसळणेच. पुन्हा चौथा क्रमांक.

चौथा क्रमांक हा विसाव्यापेक्षा अधिक बोचतो. विसावा आलेला खेळाडू ‘अजून शिकायचे आहे’ असे म्हणून घरी जाऊ शकतो. चौथ्याला मात्र ती एक चूक रात्री-अपरात्री पुन्हा पुन्हा दिसत राहते. त्या वेळी घरातले आणि गल्लीतले लोक काय बोलतात, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

येथे क्षणभर बर्फाच्या प्रदेशात जाऊन यावे. उतारावरून वेगाने घसरत, रोवलेल्या काठ्यांना वळसे घालीत खाली यायचे, या स्कीच्या शर्यतीत निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतो. अमेरिकेची मिकेला शिफ्रिन ही या खेळातील आजवरची सर्वांत यशस्वी खेळाडूंपैकी एक. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एका शर्यतीत सुवर्ण जिंकल्यावर दुसऱ्याच दिवशी, आपल्या सर्वांत हातखंडा प्रकारात, सुरुवातीपूर्वीच तिला वांती झाली आणि ती चौथी आली. २०२२ मध्ये बीजिंगला तर दोन प्रमुख शर्यतींत पहिल्या काही वळणांतच ती मार्गाबाहेर गेली आणि उताराच्या कडेला बर्फावर बराच वेळ मान खाली घालून बसून राहिली. साऱ्या जगाने ते दृश्य पाहिले. मार्च २०२३ मध्ये याच शिफ्रिनने विश्वचषक मालिकेतील ८७ वा विजय मिळवून स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा दीर्घकाळचा विक्रम मागे टाकला. अशा खेळाडूच्याही पोटात गोळा येतो, हे सामन्याच्या सकाळी ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे. मातांनीही अशा सकाळी पोळीभाजीचा आग्रह धरू नये. पॅरिसच्या अंतिम फेरीला कुसाळेसुद्धा केवळ काळा चहा घेऊन गेला होता, असे त्यानेच नंतर सांगितले.

मग उपाय कोणता? ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला निरुपयोगी आहे. ते कोणी मुद्दाम घेत नसते. धडधड थांबविण्याच्या नादी न लागता, ती असतानाही पुढच्या कृतीकडे परत येण्याची वाट मनाला सरावाने घालून द्यावी लागते. नेमबाज प्रत्येक गोळीपूर्वी तोच क्रम पाळतो: पायांची ठेवण, बंदुकीचा दस्ता खांद्याला, श्वास सोडीत नेम स्थिर, क्षणभर थांबून चाप. मागची गोळी दहावर गेली असो वा सातवर, क्रम तोच. उच्छ्वास लांबविला की हृदयाची गती मंदावते, हे शरीरशास्त्रही सांगते. कबड्डीपटूला तर हे नवे नाही, कारण चढाई एका दमात करायची असते. मराठीत ‘दम’ म्हणजे श्वासही आणि हिंमतही! चढाईला उठण्यापूर्वी दोन सावकाश उच्छ्वास, मध्यरेषेवर ठरलेली एक खूण आणि मगच पाऊल, एवढा क्रम रोजच्या सरावात बसविता येतो. अट एकच, तो सामन्याच्या दिवशी प्रथमच करून पाहू नये.

प्रशिक्षकांनी चुकीनंतरचा सरावही मुद्दाम घ्यावा. पकड झालेल्या मुलाला तासभर बाजूला बसविण्याऐवजी लगेच दुसरी चढाई द्यावी. मानसतज्ज्ञाकडे जाणे हा कमीपणा मानण्याचेही कारण नाही. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत पॅडी अप्टन हे मनाच्या तयारीसाठीच होते, आणि २०२४ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या गुकेशलाही त्यांचेच साहाय्य होते.

राहिले घर. दहा बाय बाराच्या खोलीत अपयश लपवायला कोपरा नसतो. मुलगा दार उघडून आत येतो तेव्हा ‘जिंकलास का?’ हा पहिला प्रश्न असेल, तर आपली घरातली किंमत निकालावर ठरते असे तो शिकतो. क्लासची फी, बूट, प्रवास यांचा हिशेब त्याच रात्री निघाला, तर पुढच्या सामन्यात तो प्रतिस्पर्ध्यांसोबत त्या हिशेबाशीही लढत राहतो. चुकांची चर्चा अवश्य व्हावी. पण ती दुसऱ्या दिवशी, आणि शक्यतो प्रशिक्षकाने करावी. त्या रात्री आंघोळीचे पाणी, गरम जेवण आणि झोप एवढे पुरे.

१ ऑगस्ट २०२४. पॅरिसच्या अंतिम फेरीत कुसाळे सातव्या क्रमांकाने पात्र ठरून उतरला होता. गुडघ्यावर बसून नेमबाजी झाली तेव्हा तो मागेच होता; पालथे पडून नेमबाजी झाल्यावर थोडा वर सरकला. अखेर तोच उभ्याने नेम धरण्याचा टप्पा आला, जेथे वर्षभरापूर्वी ७.६ ची गोळी सुटली होती. एकेक स्पर्धक बाद होत गेला, आणि ४५१.४ गुणांवर तो थांबला तेव्हा त्याच्यापुढे फक्त दोघे होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले होते.