भावाच्या पेशी बहिणीच्या अंगात

ओतूरकडच्या एका आजींनी विचारलंय, "नातीला तिच्या भावाचा बोनमॅरो दिलाय. आता पोर मुलासारखी होईल का हो?"

नाही आजी, पोरगी पोरगीच राहणार. पण तुमचा प्रश्न वेडा नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली देशातलं पहिलं असं प्रत्यारोपण झालं, तेही ९ वर्षांच्या मुलीवर. हाडातल्या मगजात रक्त तयार होतं. तिथं दात्याच्या मूळ पेशी रुजल्या, की पुढचं रक्त दात्याचं.

मग त्या बाकीच्या अवयवांतही जातात का? पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्र असतं, बाईच्या नसतं. म्हणून बहिणीच्या यकृताचा बारीक तुकडा घेऊन, वाय दाखवणारा चमकता रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. २००२ साली अमेरिकेत पुरुषाच्या पेशी घेतलेल्या बायकांच्या यकृतात, कातडीत, आतड्यात असे ठिपके दिसले. थोडेच, पण दिसले.

यात एक गंमत आहे. जिला मुलगा झालाय, तिच्या रक्तात गरोदरपणी आलेल्या लेकाच्या पेशी २७ वर्षांनीही सापडल्यात! म्हणजे ठिपका दात्याचा की लेकाचा, तेही तपासायला हवं.

आजी, प्रत्यारोपणाआधीच्या कडक औषधांनी पाळीवर परिणाम होऊ शकतो. त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. त्यात भावाच्या पेशींचा दोष नाही. आणि हो, नातीचा रक्तगट बदलला असेल, तर शाळेच्या ओळखपत्रावरचा जुना गट आधी बदलून घ्या.