कृष्णानं कूस बदलली

भागवताच्या दशम स्कंधातली गोष्ट. बाळकृष्णानं पहिल्यांदा कूस बदलली. नंदाघरी केवढा सोहळा! वाजंत्री, पाहुणे, ब्राह्मण. यशोदामाईनं लेकराला गाड्याखाली निजवलं, नि सरबराईत गुंतली. पोर दुधासाठी रडतंय, तिला ऐकूच येईना. त्यानं पाय झाडले, गाडा उलथला! ज्या दिवशी कौतुक, त्याच दिवशी संकट. आपल्या घरी तरी काय वेगळं आहे?

पोर रांगायला लागलं, दात आले, की जुलाब लागलेच. म्हातारी माणसं म्हणतात, "दाताचे आहेत, होऊ द्या." नाही हो! रांगणारं पोर दिसेल ते तोंडात घालतं, त्यानं होतात. आमचा कन्हैया तरी काय, मातीच खायचा! दृष्ट काढा, मीठमोहऱ्या ओवाळा, मी नको म्हणत नाही. पण पाणी तोडू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. आशाताईकडनं ओआरएसची पुडी आणा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, चमच्याचमच्यानं पाजा. झिंकची गोळी 14 दिवस. डोळे खोल गेले, लघवी होईना, पोर निपचित पडलं, की तडक दवाखाना. मग त्या दिवशी एकादशी असो, नाहीतर घरात पाव्हणे असोत.

गाडा उलथल्यावर यशोदेनं काय केलं? रडतं लेकरू उचललं, ब्राह्मणांकडून रक्षेचे मंत्र म्हणवून घेतले, आणि पदराखाली घेऊन पाजलं. मंत्रही झाला, दूधही झालं. म्हणा, विठ्ठल विठ्ठल!