मागणे नसलेली प्रार्थना



देहू आणि आळंदीच्या मधे, इंद्रायणीकाठच्या या चिखलीत आपण मराठी ख्रिस्ती लेखक जमलो आहोत, याचा मला विशेष आनंद आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तरी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे ते मोकळेपणाने सांगत. नव्या श्रद्धेवरची निष्ठा पटवण्यासाठी जुन्याची निंदा करण्याची त्यांना गरज भासली नाही. आपल्या प्रार्थनेत आणि साक्षीत, म्हणजे आपण श्रद्धेकडे कसे आलो याच्या कथनात, ती गरज वारंवार डोकावते. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला, प्रार्थनेला आलेल्या कर्मठ परूशाचा आणि जकातदाराचा दाखला आपल्याला पाठ आहे. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. यातले काही खोटे आहे, असे येशू म्हणत नाही. पण त्याच्या प्रार्थनेत एकही मागणे नाही. चाकणच्या कारखान्यात वर्षअखेरीला अप्रेझलचा फॉर्म भरावा, तशी तो देवापुढे स्वतःची कामगिरी मांडतो आणि तुलनेला जकातदाराला घेतो. जकातदार दूर उभा राहतो, ऊर बडवतो आणि फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

हा परूशी आज आपल्यात दोन्हीकडे बसतो. छापील उपासनाक्रम वाचणाऱ्यांना मोठ्याने प्रार्थना करणारे उथळ वाटतात. भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या नव्या मंडळींना जुनी मंडळी मेलेली वाटते. शास्त्राधार दोघांच्याही जिभेवर असतो.

याउलट, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी त्यांना गप्प बसवले नाही. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. या कबुलीत दुसरे कोणीही लहान ठरत नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला घेतले आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्या कामाला दिली.

आता आपली साक्षींची पुस्तके पाहा. त्यांत आधीचे घर, आधीचे नातलग, शेजारी, सगळे काळोखात. उजेडात एकटा लेखक. अशा लेखनात माणसे उरत नाहीत आणि वाचकही टिकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र साऱ्या मराठी घरांत वाचले गेले, कारण बाई स्वतःच्या फजितीवर हसतात, पती नारायण वामन टिळकांच्या तऱ्हेवाईकपणावरही हसतात, पण कोणाला तुच्छ लेखत नाहीत. नम्रता हा केवळ धर्माचा गुण नाही, तो गद्याचाही गुण आहे.

तरुण लेखकांना माझी एवढीच विनंती आहे. साक्ष लिहून झाली की इतरांशी केलेली प्रत्येक तुलना खोडा. उरलेल्या मजकुरात देवाकडे काही मागितले आहे का, ते तपासा. मागितले असेल, तरच तो छापायला द्या.